निळी रेघ, तांबडी रेघ

५ फेब्रुवारी

चि. अर्ध्या तिकिटास,

अनेक आशीर्वाद. तू आता मोठी साहेबीण झालीस, पण माझ्या गाडीत तू जन्मभर अर्ध्या तिकिटावर बसलीस, त्यामुळे नाव काही बदलणार नाही.

फोन करू नकोस. मागे दोनदा केलास, पण हल्ली फोनवर सगळेच पुटपुटतात. पूर्वी माणसं तोंड उघडून बोलायची. तू आपली कागदावर लिही.

काम असं आहे. आमची विहीर तुला ठाऊक आहेच. दोन घरं, मध्ये विहीर, तिच्यावर एक पंप आणि वर एक टाकी. पंपाचं एक बटण माझ्या स्वयंपाकघरात, एक तुझ्या भाऊमामाच्या. पंपाच्या विजेचं बिल दोघांत मिळून एकच येतं आणि ते आम्ही निम्मं निम्मं भरतो. वडिलांच्या वेळेपासून असंच चाललंय. आता गेल्या वर्षापासून ते बिल फुगत चाललंय. मी एकटा माणूस. तुझी मामी गेल्यापासून माझ्या घरात पाणी लागतं किती? आणि पलीकडे तुझा भाऊमामा, धाकटी मामी आणि तिच्या त्या कुंड्या. गच्चीवर जंगल केलंय बाईने.

तेवढंच असतं तर मी सोडून दिलं असतं. पण हा माणूस माझा पंप चालू असताना विहिरीवरच्या शेडमध्ये जातो आणि मेन स्विच खाली पाडतो! इकडे माझं बटण चालू आणि पंप बंद. हे एकदा नाही, कितीतरी वेळा झालंय. मी स्वतः शेडमध्ये जाऊन पाहिलंय. अख्खी नोकरी आम्ही एका गाडीवर काढली, मी स्टिअरिंगवर आणि तो मागे तिकिटं फाडत, आणि आता तो माझं पाणी तोडतोय. गेल्या महिन्यात मी अंगणात उभा राहून चारचौघांत त्याला सांगितलं, की पाणी तोडणारा माझा भाऊ नव्हे. तेव्हापासून बोलणं बंद आहे.

आणखी एक गोष्ट आहे. आमच्या दोघांत एक जुनी रीत होती, ती त्याने सोडली. त्याबद्दल लिहीत नाही. तुला त्यातलं काय कळायचंय.

बोअरवाल्याशी बोलणं झालंय. माझ्या हद्दीत वेगळी बोअर मारायची आणि विहिरीच्या कट्ट्याला लागून उभी भिंत घालायची. पण त्याआधी वीज कोण खातं ते मला कागदावर हवंय. तू तिकडे कारखान्यात कुठलं मशीन किती वीज ओढतं हेच बघत बसतेस ना? तसलं एखादं यंत्र इकडे पाठव.

तुझा
दादामामा


१३ फेब्रुवारी

प्रिय दादामामा,

साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र वाचताना मी हसत होते. भिंतीपर्यंत आले आणि हसू गेलं.

खरं सांगू? आई गेल्यापासून जायला म्हणून मला तेवढं एकच अंगण उरलंय. गेल्या उन्हाळ्यात आले तेव्हा तुमच्याकडे उतरले, तर भाऊमामांचा चेहरा एवढासा झाला. रात्री जेवायला तिकडे गेले, तर सकाळी तुम्ही माझ्याशी धड बोलला नाहीत. तेव्हापासून सुट्टी मिळाली तरी मी निघत नाही. पिशवी कुणाच्या दारात ठेवायची हेच ठरत नाही. उद्या भिंत झाली तर मी रस्त्यावरूनच दोन्हीकडे हात हलवून पुढे जाईन म्हणते.

तरी यंत्र पाठवते, कारण तुम्ही कुणाचं ऐकत नाही. पण एक अट आहे. मी सांगेपर्यंत बोअर नाही. आणि रेघ ज्याची लांब निघेल त्याने ती मान्य करायची. मग कुरकुर नको.

डबीला दोन चिमटे आहेत, एक निळा, एक तांबडा. दोन्ही स्वयंपाकघरांतून बटणांच्या केबली शेडमध्ये येतात ना? निळा चिमटा तुमच्या केबलीवर आणि तांबडा भाऊमामांच्या. वायर कापायची नाही, नुसता चिमटा लावायचा. कोण किती वेळ पंप चालवतं ते डबी आपोआप मला कळवेल. इथे माझ्या पडद्यावर दोन रेघा दिसतील.

शॉक बसून घेऊ नका. मेन बंद करून मगच हात घाला. मेन कुठे आहे ते तुम्हाला चांगलंच माहीत आहे!

तुमची
अर्धं तिकीट


२१ फेब्रुवारी

चि. अर्ध्या तिकिटास,

यंत्र पोचलं, बसवलंसुद्धा. मी स्वतः बसवलं. एवढ्याशा कामाला वायरमन कशाला? गाडीचं इंजिन उघडून जोडलेला माणूस आहे मी. निळा चिमटा माझ्या केबलीवर गच्च आवळलाय, तांबडा त्याच्या. हिरवा दिवा लुकलुकतोय.

मी बसवत असताना तो कट्ट्यावर येऊन उभा राहिला होता. काहीतरी पुटपुटला. मी लक्ष दिलं नाही.

तुझी अट मान्य आहे. रेघ ज्याची लांब, त्याने मान खाली घालायची. मला चिंता नाही.

दादामामा


२ मार्च

प्रिय दादामामा,

अभिनंदन! यंत्र म्हणतंय की तुमच्या घरातून वीज शून्य आणि भाऊमामांच्या घरातूनही शून्य. टाकी बहुधा आपोआप भरते. असला पंप आमच्या कारखान्यात मिळाला तर साहेब तुम्हाला हार घालतील.

आता चेष्टा पुरे. चूक कुठे झाली ते सांगते. चिमटा तुम्ही अख्ख्या केबलीवर लावलाय. त्या केबलीत दोन तारा आहेत. एका तारेने वीज तुमच्या बटणाकडे जाते आणि दुसरीने परत येते. चिमट्याला जाणारी आणि येणारी सारखीच दिसते, म्हणून तो दोन्हींची वजाबाकी करून शून्य सांगतो. केबलीचं वरचं जाड आवरण थोडं सोलायचं, आतल्या दोन तारा वेगळ्या करायच्या आणि त्यातल्या एकीवरच चिमटा लावायचा. सोबत चित्र काढून पाठवलंय. या वेळी कृपा करून वायरमनला बोलवा. तुमचं इंजिन वेगळं आणि हे वेगळं.

तुमची
अर्धं तिकीट


१० मार्च

चि. अर्ध्या तिकिटास,

समजलं. जातानाच्या फेरीचे प्रवासी आणि येतानाचे प्रवासी एकाच वेळी मोजले, म्हणून गावात माणूसच राहिलं नाही असं दिसलं. आधीच असं सांगितलं असतंस तर चुकलो नसतो.

तुझं चित्र शेडमध्ये खिळ्याला अडकवून ठेवलं आणि वायरमनला निरोप दिला. दुसऱ्या दिवशी जाऊन बघतो तर काम झालेलं! आवरण कसं नखाने सोलल्यासारखं सोललंय, तारा वेगळ्या केल्यात, उघड्या जागी पट्टी गुंडाळलीये आणि दोन्ही चिमटे जागच्या जागी. मी घरातच होतो, तरी वायरमन दार न वाजवता आला आणि गेला. मजुरी मागायलासुद्धा फिरकला नाही. हल्ली अशी माणसं मिळत नाहीत.

आता शून्य येणार नाही. लवकर कळव. बोअरवाला रोज विचारतोय.

दादामामा


२५ मार्च

प्रिय दादामामा,

रेघा यायला लागल्या आहेत. यंत्र ठीक चालतंय. पण इतक्यात काही म्हणता येणार नाही, आणखी थोडे दिवस जाऊ देत.

तुमची तब्येत कशी आहे? खाणंपिणं नीट करता ना? आणि सहज विचारते, दारावरची घंटी वाजली की तुम्हाला लगेच कळतं का? मागे मी आले तेव्हा बराच वेळ दाबत होते. शेवटी खिडकीतून हात घालून कडी काढली. डॉक्टरांना एकदा कान दाखवून घ्यायला काय हरकत आहे? आमच्याकडे तर साहेबांनीही दाखवले.

तुमची
अर्धं तिकीट


३१ मार्च

चि. अर्ध्या तिकिटास,

मी वीज विचारली, तू कान सांगितलास. हे काय उत्तर झालं?

माझे कान ठणठणीत आहेत. चालत्या गाडीत मागच्या चाकाचा एक नट ढिला झाला तर मी स्टिअरिंगवर बसून सांगत होतो. डेपोतले मिस्त्री मला विचारायला यायचे. घंटी खराब असेल, ती बदलून घेतो.

तू काहीतरी लपवते आहेस. धाकट्या मामाची रेघ लांब निघाली आणि त्याला वाईट वाटेल म्हणून सांगत नाहीस. लहानपणापासून तुझा ओढा तिकडेच. तो तुला रिकाम्या तिकिटांचे गठ्ठे द्यायचा ना खेळायला! मी बिचारा गाडी चालवायचो, मी काय देणार?

तर आता माझंही ऐक. ८ तारखेला, सोमवारी सकाळी बोअरचं मशीन येतंय. त्याच आठवड्यात गवंडी भिंतीला हात घालेल. तुझी रेघ तुझ्यापाशीच ठेव.

दादामामा


३ एप्रिल

प्रिय दादामामा,

हे पत्र कुरिअरने पाठवते आहे, म्हणजे सोमवारच्या आत पोचेल. बसून वाचा.

लपवत होते हे खरं आहे. पण तुम्हाला वाटतं ते नाही.

सोबत रेघांचा कागद आहे. निळी तुमची, तांबडी भाऊमामांची. लांब निळी आहे, मामा. तांबडी रोज सकाळी थोडा वेळ चालते आणि थांबते. कुंड्यांसकट सगळं त्यात भागतं. निळी सुरू होते, टाकी भरायला लागतो तेवढा वेळ उलटतो, आणि तरी ती चालूच राहते. भरलेली टाकी वरच्या नळीतून परत विहिरीत सांडते, त्यामुळे अंगणात थेंब पडत नाही आणि कुणाला दिसत नाही. तुम्ही तेच पाणी विहिरीतून वर आणि वरून विहिरीत फिरवत बसलेले असता. वीज जाते ती तिथे.

निळ्या रेघेवर मी काही ठिकाणी फुली मारली आहे. तिथे मेन बंद झाला, कारण त्याच क्षणी डबीचीही वीज गेली. एकही फुली टाकी भरायच्या आधीची नाही. सगळ्या टाकी भरून बराच वेळ गेल्यानंतरच्या आहेत. भाऊमामा तुमचं पाणी तोडत नाहीत. तुमचा चालू राहिलेला पंप बंद करतात. मामी अंगणातून ओरडायची ना, “अहो, पंप!” आणि तुम्ही ओरडायचा, “कळतंय मला!” मामी गेली आणि ते सांगणारं कुणी उरलं नाही.

भाऊमामांनी विहिरीपलीकडून हाका मारल्याच असतील. तुम्हीच लिहिलंत की तो कट्ट्यावर उभा राहून पुटपुटला. मामा, माणसं पुटपुटत नाहीत. फोनवरही नाहीत. तुम्हाला ऐकू कमी येतं. पंप चालू आहे हे तुम्हाला कळत नाही.

चालत्या गाडीतला ढिला नट ऐकणाऱ्या माणसाला असं सांगायचं मला जिवावर आलं होतं. म्हणून मागचं पत्र तसं लिहिलं. पण भिंत उभी राहिल्यावर सांगून काय उपयोग? रागवायचं तर माझ्यावर रागवा. मशीनवाल्याला मात्र परत पाठवा.

एक किरकोळ गोष्ट राहिली. भाऊमामांचं बटण बहुतेक बिघडलंय. रोज सकाळी त्यांचा पंप थांबला की थोड्या वेळाने तांबड्या रेघेवर दोन बारीक टोकं दिसतात. म्हणजे पंप क्षणभर चालू, बंद, पुन्हा क्षणभर चालू, बंद. एकही दिवस चुकलेला नाही. मोटरला ते चांगलं नाही. तुम्ही बोलत नसाल तर मी त्यांना कळवते, बटण बदलून घ्या म्हणून.

तुमची
अर्धं तिकीट


९ एप्रिल

माझ्या लाडक्या अर्ध्या तिकिटास,

बटण बदलायला त्याला कळवू नकोस. कळवलं असशील तर आजच्या आज दुसरं पत्र टाक.

आधी क्रमाने सांगतो. तुझं पत्र शनिवारी आलं. वाचलं आणि तुझा असा राग आला की कागद चुरगाळून कोपऱ्यात फेकला. म्हटलं, पोरगी शिकली आणि मामाला बहिरा म्हणायला लागली. मग तुला खोटं पाडायचं ठरवलं. स्वयंपाकघरात गेलो, पंपाचं बटण दाबलं आणि तिथेच उभा राहिलो. पूर्वी तिथे उभं राहिलं की विहिरीकडून घुर्रघुर्र आवाज यायचा, मामी म्हणायची की तुमचं घोरणं बरं. मी कान देऊन उभा राहिलो. काही नाही. म्हटलं वीज गेली असेल. शेडमध्ये गेलो तर पंप धो धो चालू. मी तिथे उभा होतो तेव्हा थोडासा ऐकू आला, तोही गोधडीखालून यावा तसा. खाली बसलो गं मी.

घरात येऊन तुझा कागद उलगडला, सरळ केला, पुन्हा वाचला. या वेळी शेवटपर्यंत. आणि त्या तुझ्या किरकोळ गोष्टीपाशी येऊन थांबलो.

किरकोळ म्हणतेस! आता ती रीत सांगतो, जी मी पहिल्या पत्रात सांगितली नव्हती.

गाडीत कंडक्टर दोरी ओढतो. एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. मागे माणसं चढली की नाही, दार लागलं की नाही, म्हातारीचा पाय पायरीवर आहे की रस्त्यावर, ड्रायव्हरला काही दिसत नाही. त्याने दोन घंट्यांवर विश्वास ठेवायचा आणि गाडी हलवायची. मी भाऊच्या दोन घंट्यांवर सगळी नोकरी काढली. कधी मान वळवून पाहिलं नाही.

विहिरीवर पंप बसवला तेव्हा दोघांनी एकदम बटण दाबू नये म्हणून आम्ही तीच रीत ठेवली. सकाळी आधी त्याने चालवून निम्मी टाकी भरायची, त्याचं झालं की दोनदा झटकन चालू-बंद करायचा. घुर्र, घुर्र. म्हणजे दादा, तुझी पाळी, चल. मग मी चालवायचो. निवृत्त झालो तरी रोज सकाळी ती डबल बेल मिळायची. मला वाटायचं, अजून गाडी सुटते आहे.

मामी गेली त्यानंतर केव्हातरी ती यायची थांबली. मी वाट बघायचो. चहा निवून जायचा. मग समजलो की त्याने सोडली. माझी किंमत संपली. पोरी, बिल वगैरे नंतरचं. माझ्या मनात जे सलत होतं ते हे होतं. मेन पाडला तेव्हा मी एवढा तापलो तो त्यामुळेच.

आणि तू लिहितेस की एकही दिवस चुकलेला नाही.

रविवारी सकाळी मी शेडमध्ये जाऊन बसलो. त्याला दिसणार नाही असा, टाकीच्या खांबाआड. पंपातून वर जाणाऱ्या पाइपावर हात ठेवला. त्याचा पंप चालू झाला तसा पाइप थरथरायला लागला. हाताला सगळं कळतं, कानांचं काही अडत नाही. मग थांबला. मी हात काढला नाही. थोड्या वेळाने पाइप एकदा थरथरला. आणि पुन्हा एकदा.

मी रडलो. लिहायला लाज वाटत नाही. चारचौघांत ज्याला भाऊ नव्हे म्हटलं, तो त्यानंतरही रोज सकाळी मला दोन घंट्या देत होता, आणि मी त्या घेतल्या नाहीत.

डबल बेल मिळाल्यावर ड्रायव्हर बसून राहत नाही. मी तसाच धोतराला हात पुसत घरात गेलो आणि बटण दाबलं. गाडी सोडली.

तो धावत बाहेर आला. कट्ट्यापाशी उभा राहून माझ्या खिडकीकडे बघायला लागला. तोंड हलत होतं. मी अंगणात गेलो. त्याच्या अगदी समोर उभा राहिलो आणि म्हणालो, “मोठ्याने बोल, भाऊ. मला ऐकू येत नाही.”

हे वाक्य मी जन्मात कधी बोललो नव्हतो. तोंडातून निघाल्यावर हलकं वाटलं.

त्याने दोन्ही हात तोंडाशी धरले. मग एवढ्या जोरात ओरडला की धाकटी मामी गच्चीवरून खाली वाकली. “मग आधी सांगायचंस की! मी हाका मारून मारून घसा फोडला आणि तू पाठ फिरवायचास!” त्याला वाटत होतं मी मुद्दाम ऐकत नाही. दोघं एकाच अंगणात, दोघंही फुगून बसलेले. तेवढ्यात त्याने वर बोट दाखवलं. टाकी भरली होती. तो म्हणाला, “पंप!” आणि मी म्हणालो, “कळतंय मला!” आणि मग आम्हाला दोघांनाही मामी आठवली.

सोमवारी बोअरचं मशीन आलं. त्यांना चहा पाजला आणि परत पाठवलं. मशीनवाला चिडला होता, पण भाऊने त्याला गोड बोलून फाटकाबाहेर काढलं. सुट्टे नाहीत म्हणून भांडणारे प्रवासी उतरवून उतरवून त्याला ती विद्या चांगलीच अवगत आहे.

तुझी अट होती की रेघ ज्याची लांब त्याने मान्य करायची. केली. कुरकुर नाही.

तुझा
दादामामा


१७ एप्रिल

चि. अर्ध्या तिकिटास,

आशीर्वाद. मला लांब पत्र जमत नाही. जन्मभर तिकिटावर भोक पाडत आलो, लिहिण्याची सवय नाही.

दादाला कानाच्या डॉक्टरांकडे नेऊन आणलं. जाताना बसने गेलो. हा खिडकीत बसून ड्रायव्हरच्या चुका काढत होता. डॉक्टरांनी तपासलं. यंत्र बसवायचं म्हणाले, मापं घेतली. दोन आठवड्यांनी मिळेल. आधी नको नको म्हणत होता. मग डॉक्टरांनी नमुन्याचं एक कानात घालून बघायला दिलं. दवाखान्यात पंखा करकरत होता, दादा म्हणाला, याला तेल घाला. तेव्हाच समजलो की माझा भाऊ परत आला.

यंत्र येईपर्यंत आणि आल्यावरसुद्धा, कारण तो ते काढून ठेवणारच, मी एक सोय केली आहे. त्याच्या स्वयंपाकघरात चुलीच्या वर एक दिवा लावलाय, त्याचं बटण माझ्याकडे. दिवा एकदा लुकलुकला की थांब. दोनदा लुकलुकला की चल. परवा टाकी भरली, मी एकदा दाबलं, पंप लगेच थांबला. मेनला आता हात लावावा लागत नाही. सकाळच्या दोन घंट्या मात्र अजून पंपावरही देतो.

ती केबलींची आवरणं मीच सोलली होती. वायरमन आलाच नव्हता. तुझं चित्र खिळ्याला दिसलं, समजायला सोपं होतं. दादाने चिमटे चुकीचे लावले होते हे मला त्याच दिवशी दिसलं होतं. मी कट्ट्यावरून सांगत होतो, त्याने पाठ फिरवली. असो. आता त्याला सांगितलंय. म्हणतो, तरीच मजुरी मागितली नाहीस.

तू विचारशील म्हणून सांगतो. रोज दोन घंट्या का देत राहिलो? तो पाठ फिरवून बसला होता, बोलत नव्हता, मीही रागात होतो. पण राग आला म्हणून कंडक्टर घंटी द्यायची थांबवत नाही. मागची सगळी माणसं त्याच्या भरवशावर असतात. मला वाटायचं, कधीतरी सुटेल गाडी.

तुझी डबी काढून परत पाठवू का असं मी दादाला विचारलं. तो म्हणाला, राहू दे. पोरीला तिकडे बसून कळत राहील की आपण दोघं आहोत. धाकटी मामीही म्हणते राहू दे, कुंड्यांवरचा आळ पुसला गेल्याचा तेवढाच पुरावा आहे.

आता तुझं. पिशवी कुणाच्या दारात ठेवायची म्हणून तू येत नाहीस, हे दादाने मला तुझ्या पत्रातून वाचून दाखवलं. आम्हा दोघांनाही फार वाईट वाटलं. तोंडं आमची वाकडी झाली आणि पाय तुझा थांबला. तर आम्ही असं ठरवलं आहे. पिशवी विहिरीच्या कट्ट्यावर ठेवायची. तो दोन्ही घरांचा आहे. तिथून जिकडे भूक लागेल तिकडे जेव आणि जिकडे झोप येईल तिकडे झोप. कुणी चेहरा पाडला तर धाकटी मामी बघून घेईल.

रविवारी सकाळी तुझ्या त्या पडद्यावर तांबडी रेघ नीट बघ. दादाच्या दोन घंट्या झाल्या की थोडं थांबून आणखी दोन देईन. त्या तुझ्या. मोटरला चालतं की नाही ते इथे येऊन सांग.

तुझा
भाऊमामा